फ्रीज लावण्याआधी ऐकून ठेव

ठाण्याच्या नव्या घरात पुढच्या आठवड्यात फ्रीज येतोय म्हणालीस, म्हणून हे लिहायला बसले. यातलं काही मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं, काही आमच्याकडे फ्रीज दुरुस्तीला येणाऱ्या काकांनी. काकांनी जन्मभर लोकांचे फ्रीज उघडून पाहिले होते. बिघाड कशाने होतो आणि घरातली माणसं कशाने आजारी पडतात, हे ते काम करता करता सांगायचे. मी कान देऊन ऐकायचे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की कर. फ्रीजमध्ये अन्न नासायचं थांबत नाही, सावकाश नासतं. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. अन्न बाहेर काढलं की ते पुन्हा जोमाने वाढायला लागतात. साधारण ५ अंशांपासून ६० अंशांपर्यंतचं तापमान त्यांना मानवतं. म्हणून फ्रीजचा खालचा भाग ४ अंशांवर किंवा त्याच्याही खाली हवा आणि फ्रीझर उणे १८ वर. आतल्या गोल बटणावर १ ते ७ आकडे असतात, ते अंश नव्हेत. आकडा वाढवला की थंडावा वाढतो, एवढाच त्यांचा अर्थ. किती अंश आहे ते पाहायचं तर एक छोटा थर्मामीटर घे, पेलाभर पाण्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेव आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाच. एप्रिल-मे महिन्यात बटण पुढे घ्यावं लागेल, डिसेंबरात मागे. वर्षभर एकाच आकड्यावर ठेवून देऊ नकोस.

जागा निवडताना घाई करू नको. गॅसच्या शेगडीशेजारी फ्रीज नको, पश्चिमेचं ऊन येतं त्या खिडकीखालीही नको. फ्रीज आतली उष्णता खेचून बाहेर टाकतो आणि बाहेर टाकायला त्याला मोकळी हवा लागते. जुन्या फ्रीजच्या पाठीला काळी जाळी दिसायची, ती याचसाठी. आता बऱ्याच फ्रीजमध्ये त्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांच्या आत असतात, म्हणून बाजू हाताला गरम लागतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण त्याच कारणाने मागे आणि दोन्ही बाजूंना चार-चार इंच तरी जागा मोकळी सोड. हल्ली फर्निचर करणारे फ्रीज कपाटात घट्ट बसवून देतात. दिसायला छान दिसतं, पण कॉम्प्रेसर बंद व्हायचं नाव घेत नाही आणि विजेचं बिल फुगतं. सुताराला आधीच सांग, वरूनही हवा निघायला वाट ठेव म्हणावं. मागे जाळी असलीच तर वर्षातून दोनदा प्लग काढून मऊ ब्रशने तिच्यावरची धूळ झाड.

टेम्पोतून आणताना फ्रीज उभाच आणायला लाव. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये उतरतं. कधी आडवा करावाच लागला, तर घरात उभा करून चांगले काही तास तसाच राहू दे आणि मगच चालू कर. पुढचे दोन पाय फिरवून फ्रीज पुढून किंचित उंच ठेव, म्हणजे दार सोडलं की आपोआप मिटतं.

वायरिंगच्या बाबतीत काटकसर नको. फ्रीजला स्वतःचा वेगळा थ्री-पिन सॉकेट हवा. एक्स्टेंशन बोर्डवर मिक्सर आणि फ्रीज एकत्र लावायचे नाहीत. अर्थिंग नीट आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे आणि मेन बोर्डात ईएलसीबी बसवलेला नसेल तर तो बसव. फ्रीजच्या दाराला हात लावल्यावर चुरचुर जाणवली, तर ‘थोडासाच तर करंट येतो’ म्हणून चालवून घ्यायचं नाही. त्याच क्षणी मेन स्विच बंद, प्लग बाहेर आणि माणूस बोलाव. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून फ्रीज उघडायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्याच्यासमोर एक पायपुसणं कायमचं टाकून ठेव, कोरडं. स्टॅबिलायझर लागतो का, हे फ्रीजच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या व्होल्टेजच्या पट्ट्यावरून ठरव. तुझ्या सोसायटीत कदाचित लागणार नाही, गावाला लागतोच. आणि वीज जाऊन लगेच परत आली, तर चार-पाच मिनिटं थांबून फ्रीज चालू कर. आत गॅसचा दाब उतरायला तेवढा वेळ लागतो. दाब असताना सुरू व्हायला गेला की कॉम्प्रेसरवर ताण येतो. काकांच्या हिशेबात कॉम्प्रेसर जळण्याचं मोठं कारण हेच होतं.

आता अन्नाचं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण फ्रीज बिघडला तर पैसे जातात, अन्न बिघडलं तर माणूस दवाखान्यात जातो.

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. उन्हाळ्यात पारा बत्तिशीच्या पुढे असेल तर तासाभरातच. यात सगळ्यात फसवा पदार्थ म्हणजे भात. रात्री उरलेला भात झाकून ओट्यावर ठेवायचा आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात करायचा, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची रीत. तांदळात बॅसिलस सीरियस नावाचा जंतू बीजाणूंच्या रूपात असतो. ते बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत. भात रात्रभर कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष फोडणीत परतल्याने जात नाही. फोडणीचा भात जरूर कर, मलाही आवडतो, पण त्यासाठीचा भात रात्रीच फ्रीजमध्ये गेलेला असू दे.

गरम पातेलं तसंच आत ठेवायचं नाही, हे तुला माहीत असेल. त्याने शेजारचं दूधही तापतं. पण ‘गार होऊ दे’ म्हणत चार तास बाहेर ठेवणं त्याहून वाईट. परातीत गार पाणी घालून त्यात पातेलं ठेव आणि मधूनमधून ढवळ, आमटी वीस-पंचवीस मिनिटांत निवते. भात असेल तर ताटात पसर. मग लहान, उथळ डब्यांत भरून आत ठेव. मोठ्या खोल डब्याचा मधला भाग गार व्हायला फार वेळ घेतो. दुसऱ्या दिवशी काढताना लागेल तेवढंच काढ, वाफा येईपर्यंत सगळीकडून गरम कर आणि एकदा गरम केलेलं पुन्हा आत ठेवू नकोस. शिजवलेलं अन्न फार तर तीन दिवस. डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवायची सवय लाव.

वास घेऊन ठरवायचं ही आपली जुनी पद्धत आहे आणि ती नेहमी खरी ठरत नाही. अन्न आंबट करणारे जंतू वेगळे, माणसाला आजारी पाडणारे वेगळे. दुसऱ्या जातीचे जंतू वास, रंग, चव काहीही न बदलता पदार्थात असू शकतात. लिस्टेरिया नावाचा एक तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. दिवस गेलेल्या बाईला आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा मोठा धोका. पुढेमागे तुझ्या घरात अशी वेळ येईल तेव्हा त्या व्यक्तीच्या ताटात फ्रीजमधलं दोन-तीन दिवसांचं काही वाढायचं नाही, ताजं वाढायचं.

तुझ्या सासरी मासे होतात, म्हणून हेही सांगते. बाजारातून मासळी आणल्यावर आधी फोन, मग चहा, मग साफसफाई असं करू नको. बांगडा, तारली, कुपा या माशांत गार न ठेवल्यास हिस्टामाइन तयार होतं. ते एकदा तयार झालं की तळून, उकळून, कशानेही जात नाही. मासा खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात, डोकं ठणकतं. लोक म्हणतात, मासा बाधला. बर्फातला मासा घे, घरी आल्यावर साफ करून बंद डब्यात फ्रीजमध्ये टाक आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपव. जास्त दिवस ठेवायचा तर थेट फ्रीझरमध्ये. कच्चे मासे-मटण कायम सगळ्यात खालच्या फळीवर, झाकण लावून, म्हणजे त्याचं पाणी कोशिंबिरीवर किंवा दह्यावर गळणार नाही. गोठवलेलं मटण रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवून सावकाश सुटू दे. ओट्यावर दिवसभर ठेवलं तर बाहेरचा थर कोमट होतो आणि आत बर्फ तसाच राहतो.

दार ही फ्रीजची सगळ्यात ऊबदार जागा आहे, उघडझाप तिथेच होते. कंपन्या तिथे अंड्यांचे खण आणि बाटल्यांच्या जागा देतात, पण दूध आणि अंडी आतल्या फळीवर मागच्या बाजूला जास्त टिकतात. दारात लोणचं, सॉस, जॅम, पाण्याची बाटली ठेव. खरं तर प्यायच्या पाण्यासाठी एक माठ घे. उन्हाळ्यात माणसं दर अर्ध्या तासाने पाण्यासाठीच फ्रीज उघडतात. माठ असला की निम्मी उघडझाप वाचते आणि घसाही.

तुझे बाबा राहायला येतील तेव्हा त्यांच्या इन्सुलिनकडे तू स्वतः लक्ष दे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवं. दारात ठेवायचं नाही, फ्रीझरच्या जाळीला चिकटूनही नाही. मधल्या फळीवर, एका छोट्या डब्यात, पुढच्या बाजूला ठेव. एकदा गोठलेलं इन्सुलिन विरघळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण त्याचा भरवसा राहत नाही. ते फेकून द्यायचं, महाग असलं तरी. वापरात काढलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर सावलीत चालतं, पण त्याचे नेमके दिवस औषधाच्या पाकिटावर वाच.

भाज्यांमध्ये काही भाज्यांना फ्रीज मानवत नाही. बटाटा फार गार ठेवला की त्यातल्या पिठाची साखर होते, भाजी गोडसर लागते आणि तळल्यावर काप काळपट पडतात. कांदा ओल धरून मऊ पडतो. दोन्ही बाहेर, हवेशीर टोपलीत ठेव आणि एकमेकांपासून लांब. केळी काळी पडतात. आंब्याचं तर विचारूच नकोस. रत्नागिरीहून पेटी आली की कच्चा हापूस कधीही फ्रीजमध्ये टाकायचा नाही. १२-१३ अंशांच्या खाली त्याला थंडी बाधते, साल डागाळते आणि तो पिकतच नाही. गवतातल्या अढीतच पिकू दे. पूर्ण पिकल्यावर दोन-चार दिवस थांबवायचा असेल तर मग ठेव. पिकलेली फळं आणि पालेभाज्या एका कप्प्यात ठेवू नकोस. फळांतून निघणाऱ्या इथिलिन वायूने कोथिंबीर, मेथी लवकर पिवळी पडते. कोथिंबीर निवडून, धुतली असेल तर अगदी कोरडी करून, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेव. वर्तमानपत्रात मात्र खायची कुठलीच वस्तू गुंडाळायची नाही. छपाईच्या शाईत शिशासारखी घातक द्रव्यं असतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही वर्तमानपत्राचा असा वापर करायला मनाई केली आहे.

ओलं खोबरं फार लवकर खवट होतं. नारळ फोडला त्याच दिवशी खवून लहान पुड्या कर आणि फ्रीझरमध्ये टाक, लागेल तशी एक पुडी काढ. मळलेली कणीक वरून तेलाचा हात लावून घट्ट डब्यात ठेवली तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यापुढे नको. दही बाहेर लागू दे आणि लागलं की आत ठेव. काचेची भरलेली बाटली किंवा सोडा फ्रीझरमध्ये विसरू नकोस, पाणी गोठताना फुगतं आणि काच फुटते. खालचा भाग गच्च भरायचा नाही, डब्यांमधून हवा फिरायला हवी. फ्रीझर मात्र भरलेला बरा, तो थंडावा धरून ठेवतो.

तुझा फ्रीज एका दाराचा साधा असेल तर फ्रीझरमध्ये बर्फ साचेल. बर्फाचा थर पाव इंचाचा झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाब. साचलेला बर्फ थंडावा अडवतो आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. इथे बायका सुरी, उलथनं, पेचकस काय वाटेल ते घेऊन बर्फ उकरतात. असं अजिबात करायचं नाही. त्या पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्यात गॅसच्या नळ्या असतात, एक भोक पडलं की गॅस गेला. त्यातून आताच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन भरलेला असतो. पाटीवर आर-६००ए असं लिहिलेलं असतं ते बघ. प्रमाण थोडं असतं, पण तो पेट घेणारा आहे. त्यामुळे बर्फ वितळवायला आत हेअर ड्रायर, हीटर किंवा मेणबत्ती न्यायची नाही. वाटीभर कोमट पाणी आत ठेव आणि दार उघडं ठेव, तेवढं पुरे. नळी फुटल्याची शंका आली, तर खिडक्या उघड, शेगडी पेटवू नको, कुठलंही बटण दाबू नको आणि कंपनीच्या माणसाला बोलाव. गॅस भरायला येणाऱ्यालाही ‘या गॅसचं काम केलंय का’ असं सरळ विचार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याकडे कोणाचंच लक्ष नसतं. फ्रीजच्या पाठीमागे खाली, कॉम्प्रेसरच्या वर एक ट्रे असतो. आतलं वितळलेलं पाणी तिथे येऊन साचतं. स्वच्छ, सावलीतलं, कोणी न हलवलेलं पाणी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच पाणी हवं असतं. पावसाळ्यात पालिकेचे लोक घरोघरी अळ्या शोधत येतात तेव्हा पिंप आणि मनीप्लँटची बाटली बघतात, तसा फ्रीजचा ट्रेही बघतात. बाहेरची डबकी बुजवली, जाळ्या लावल्या, तरी घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डास तयार होत असतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ट्रे रिकामा करायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. ब्रश आणि साबण लावून कडा घासून काढ, पुसून कोरडा कर, मग बसव. काही मॉडेलमध्ये ट्रे सहज निघत नाही, तेव्हा फ्रीज घेतानाच दुकानदाराला तो कसा काढायचा ते दाखवायला लाव. त्याला येत नसेल तर बसवायला येणाऱ्या माणसाकडून शिकून घे.

भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचायला लागलं तर मागच्या भिंतीतलं छोटं भोक तुंबलं असं समज. कोथिंबिरीची काडी, डाळीचा दाणा, काहीतरी अडकतं. कोमट पाणी सोड, स्ट्रॉने हलकेच मोकळं कर. मेकॅनिक बोलावायची गरज नाही. महिन्यातून एकदा प्लग काढून फळ्या कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पुस. उग्र वासाचं फिनेल आत वापरू नको. दाराच्या रबरात घड्या असतात, तिथे बुरशी धरते. जुन्या टूथब्रशने घास. रबर पकडतं का हे बघायला दारात कागदाची पट्टी धरून दार लाव आणि ओढ. अलगद निघून आली तर रबर ढिलं झालंय, बदलून घे.

वीज गेली की दार उघडायचं नाही. बंद फ्रीज चारेक तास थंडावा धरतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. ठाण्यात एवढी वेळ क्वचितच येईल, पण कोकणातल्या घराचं लक्षात ठेव. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी चार तास उलटले की दूध, शिजवलेलं अन्न, मासे, मटण यांच्याकडे संशयाने बघायचं. आणि पुराचं पाणी फ्रीजमध्ये शिरलं, तर पाणी ओसरल्यावर प्लग लावून ‘चालतोय का बघू’ असं कधीही करू नका. आतलं उघडं अन्न टाकून द्या आणि माणूस तपासून देईपर्यंत फ्रीज बंदच ठेवा.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाशील तेव्हा फ्रीज रिकामा कर, प्लग काढ, आतून कोरडा पुस आणि दाराच्या कडेला जुनं फडकं अडकवून दार फटीएवढं उघडं ठेव. बंद ठेवलास तर परत आल्यावर काळी बुरशी दिसेल. ट्रेही तेव्हाच कोरडा कर.

आणि तुमच्या गॅलरीत जो जुना फ्रीज पडून आहे, त्याचं काय ते या महिन्यातच कर. भंगारवाल्याला देऊ नको, तो नळ्या तोडून गॅस हवेत सोडतो. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला दे किंवा नव्या फ्रीजच्या दुकानदाराशी बोल. तो जाईपर्यंत मात्र एक काम आजच करून घे. आपल्याकडच्या कित्येक फ्रीजना कुलूप-किल्ली असते आणि दार आतून उघडत नाही. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपायला गेलेली मुलं गुदमरून दगावली, म्हणून दार आतून उघडलंच पाहिजे असा कायदा त्यांना १९५६ साली करावा लागला. तुमच्या मजल्यावर लहान मुलं लपाछपी खेळतात. बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला सुताराला अर्धा तास लागेल. दार काढून ते वेगळं, भिंतीला टेकवून ठेव, आणि काम झालं की मला फोन कर.